बंद केलेली गोळी कुणी सुरू करायची? कृत्रिम झडपेच्या एका रुग्णाचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. औषधं, तपासण्या आणि घटनाक्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या या ताई. वय ३६, मजुरी करतात. पावसाळ्यात निंदण, दिवाळीनंतर कापूस वेचणी. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, तो संधिवाताचा ताप होता हे फार उशिरा कळलं. तोवर हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आक्रसून गेली होती. चार वर्षांपूर्वी जनआरोग्य योजनेतून नागपूरला त्यांची झडप बदलली. बसवली ती कार्बनची, दोन पाकळ्यांची यांत्रिक झडप.

अशी झडप आयुष्यभर टिकते, पण शरीर तिला कधी आपली मानत नाही. परक्या पृष्ठभागाला रक्त लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते, आणि मायट्रलच्या जागी रक्ताचा वेगही कमी असतो. तिथे होणारी गुठळी मुख्यतः फायब्रिनच्या धाग्यांची असते. त्यामुळे प्लेटलेटवर काम करणारी ॲस्पिरिन इथे एकटी पुरत नाही. साखळीच मंदावणारं औषध लागतं. ताईंना ते ॲसेनोकूमरॉल होतं (आपल्याकडे बहुतेकांना ‘ॲसिट्रॉम’ म्हणून माहीत), रोज संध्याकाळी २ मिलिग्रॅम.

यकृतात तयार होणाऱ्या २, ७, ९ आणि १० क्रमांकाच्या गोठणघटकांना कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा वापरण्याजोगं करणारं एक एन्झाइम असतं, ही गोळी ते अडवते. घटक तयार होतात, पण अर्धवट, कामाला न येणारे. आधीच रक्तात फिरणारे चांगले घटक मात्र आपापल्या वेळेनेच संपतात. सातवा घटक काही तासांत उतरतो, दुसऱ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून गोळीचा खरा परिणाम दिसायला चार-पाच दिवस जातात. झालेली गुठळी ही गोळी विरघळवत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. या प्रकरणात ते पुढे महत्त्वाचं ठरलं.

डोस बरोबर आहे की नाही ते आयएनआर या रक्ततपासणीवरून ठरतं. आकडा जितका जास्त, तितकं रक्त गोठायला उशीर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मायट्रलच्या यांत्रिक झडपेसाठी तो २.५ ते ३.५ मध्ये हवा. ताईंच्या फाइलीतले आकडे जवळपास सगळे या पट्ट्यातले होते. कागदावर सगळं ठीक होतं.

काय बिघडलं

श्रावणात त्यांना हगवण लागली, वर निंदणीने कंबर धरलेली. गावातल्या दवाखान्यातून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सात दिवसांच्या, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि कमरेसाठी एक सुई मिळाली. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात जाऊन आल्यासारखं वाटत नाही, हे खेड्यात काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

या तिन्ही गोष्टी ताईंसाठी घातक होत्या, आणि तिन्हींची वाट वेगळी. ॲसेनोकूमरॉलचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम मेट्रोनिडाझोल मंदावतं, म्हणजे तीच २ मिलिग्रॅमची गोळी अंगात जास्त ताकदीने राहते. डायक्लोफेनॅक प्लेटलेटला ढिलं करतं आणि जठराच्या अस्तराला इजा करतं. आणि स्नायूत टोचलेली सुई अशा माणसात आतल्या आत रक्त साठवते. शिवाय हगवणीत जेवण तुटलेलं, म्हणजे पोटात जाणारं व्हिटॅमिन केही कमी.

सहाव्या दिवशी नाकातून रक्त आलं, हिरड्या पाझरू लागल्या. नितंबावर सुईच्या जागी तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला. त्यातच पाळी आली आणि थांबेना. घरच्यांनी तालुक्याच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. तिथे आयएनआर निघाला ८.२.

पहिला निर्णय: रक्तस्राव थांबवायचा, पण किती?

त्या रुग्णालयाने गोळी बंद केली आणि व्हिटॅमिन केचं १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. दुसऱ्या दिवशी आयएनआर १.३ वर आला. रक्त थांबलं, घरचे सुखावले.

समोर रक्त वाहत असताना हात सैल सुटतो, हे मला समजतं. पण इथे काय काय करता आलं असतं ते पाहू. आयएनआर १० च्या आत आणि रक्तस्राव किरकोळ असेल, तर एक-दोन डोस थांबवून रोज तपासणी करणं बहुतेक वेळा पुरतं. ॲसेनोकूमरॉल अंगातून लवकर जातं, त्याचं अर्धायुष्य ८ ते ११ तासांचं, तर त्याच गटातल्या वॉरफॅरिनचं दीड दिवसाच्या आसपास. दोन दिवस थांबलं असतं तर आकडा आपोआप खाली आला असता. पाळीचा जोर बघून धीर धरवत नसेल, तर व्हिटॅमिन के १ ते २.५ मिलिग्रॅम तोंडाने देण्याचा मधला मार्ग होता. १० मिलिग्रॅम शिरेतून हा जिवावरच्या रक्तस्रावाचा डोस. मेंदूत किंवा आतड्यात रक्त वाहत असतं तर तो योग्यच ठरला असता, सोबत प्लाझ्माही लागला असता.

यांत्रिक झडप असलेल्या माणसात या मोठ्या डोसची किंमत नंतर मोजावी लागते. यकृतात व्हिटॅमिन केचा साठा होतो आणि पुढचे कित्येक दिवस गोळी दिली तरी लागू पडत नाही. तोपर्यंत झडप उघडी पडलेली. अशा वेळी हेपरिनचं (गोठणं लगेच रोखणारं इंजेक्शन) संरक्षण द्यावं लागतं, रोज आयएनआर पाहावा लागतो.

यातलं काही झालं नाही. सुट्टीच्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी होत्या: गोळी थांबवा, नागपूरला दाखवा. कधी दाखवायचं, किती दिवस थांबवायची, हे नाही. त्या आठवड्यात नाल्याला पूर, पुलावरून पाणी. नंतर पऱ्हाटीवर फवारणी आली. गोळी खाल्ली की रक्त जातं, ही भीती घरात बसली होतीच. ताईंच्या नवऱ्याने पुढे मला जे सांगितलं त्यात सगळं प्रकरण आलं: “बंद करा म्हटलं तं बंद केली जी. चालू करा असं कोणीच नाही म्हटलं.”

दुसरा निर्णय: ग्रामीण रुग्णालयातली पहाट

गोळी बंद होऊन २४ दिवस झाले होते. पहाटे ताईंना आमच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं ते बसलेल्या अवस्थेतच, कारण आडवं होता येत नव्हतं. नाडी ११८, रक्तदाब १००/७०, ऑक्सिजन ८८, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांचा आवाज. दम्याचा किंवा न्यूमोनियाचा पेशंट म्हणून दाखल होणं सहज शक्य होतं. पावसाळ्यात असे रोज येतात.

पण छातीवर उभी जुनी जखम दिसली आणि नवरा बोलला, “रातच्याले हिच्या छातीतून टिकटिक आयकू ये साहेब. तीन-चार दिसापासून येऊनच नाही राह्यली.”

यांत्रिक झडपेच्या पाकळ्या मिटताना धातूसारखा टोकदार आवाज येतो. शांत खोलीत तो शेजारी झोपणाऱ्यालाही ऐकू जातो. स्टेथोस्कोप लावला तर आवाज होता, पण बोथट, जाड कापडाआडून आल्यासारखा. आयएनआर १.१. एकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) सोय आमच्याकडे नाही. तरी बंद गोळी, बोथट आवाज आणि पाण्याने भरलेली फुप्फुसं या तीन गोष्टी एकत्र आल्यावर झडपेवर गुठळी बसली असं धरूनच पुढे जायला हवं होतं.

समोर चार वाटा होत्या. पहिली, श्वासाचा इलाज करून गोळी पुन्हा सुरू करायची आणि थांबायचं. ही वाट लगेच बाद झाली: गोळीला चार-पाच दिवस लागतात आणि झालेली गुठळी ती विरघळवत नाही.

दुसरी वाट मोहाची होती. फ्रीजमध्ये स्ट्रेप्टोकायनेजची कुपी होती, हार्ट अटॅकसाठी ठेवलेली. हे औषध स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंपासून मिळतं. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याचं प्लाझ्मिन करवतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे कापतं. म्हणजे गुठळी खरोखर विरघळवणारं औषध हातात होतं. अडचण अशी की ते शेतातल्या तणनाशकासारखं आहे, पीक आणि तण यात फरक करत नाही. झडपेवरच्या गुठळीबरोबर महिन्याभरापूर्वीच्या जखमेवरची खपलीही ते कापणार. शिवाय डाव्या बाजूच्या झडपेवरून सुटलेला तुकडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. एको नाही, सीटी नाही, सर्जन नाही, निदान फक्त कानाने केलेलं. तशात ते सुरू करणं आम्हाला पटलं नाही. रक्तदाब ७० वर असता आणि नाडी हाताला लागत नसती, तर मात्र हेच उत्तर उलटं झालं असतं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिसरी, जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन एको करून मग पुढचं ठरवणं. चौथी, सरळ नागपूर: गाडीने पाच तास, पण कॅथलॅब आणि हृदयाचे सर्जन एकाच छताखाली, ताईंची जुनी कागदपत्रंही तिथेच. वाटेत थांबून एक तपासणी करायची आणि पुन्हा गाडीत घालायचं, यात दोन तास जाणार होते. फोनवर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून चौथी वाट धरली.

निघण्यापूर्वी ऑक्सिजन, फुप्फुसातलं पाणी उतरवायला फ्रुसेमाइड, आणि वजनाच्या हिशेबाने शिरेतून हेपरिन दिलं. हेपरिनचं काम मिनिटांत सुरू होतं. रक्तातच अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन असतं, त्याची धार ते कित्येक पटींनी वाढवतं आणि गुठळी पुढे वाढणं रोखतं. असलेली गुठळी तेही विरघळवत नाही, पण पाच तासांच्या प्रवासात ती मोठी होऊ न देणं हाच हेतू होता. रक्तस्राव झालाच तर प्रोटामिन हा उतारा उपलब्ध असतो, हीदेखील जमेची बाजू. १०८ ची गाडी मिळाली, सोबत डॉक्टर आणि पुढच्यांसाठी एक चिठ्ठी. तिच्यात हेपरिन किती वाजता, किती दिलं हे ठळक लिहिलं होतं. विरघळवणारं औषध द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याला ते आधी लागतं.

तिसरा निर्णय: शस्त्रक्रिया की विरघळवणारं औषध

नागपूरला एकोत झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक १७ मिलिमीटर पारा निघाला. अशा झडपेत तो साधारण ५ च्या आत असतो. क्ष-किरणाच्या चालत्या चित्रात एक पाकळी नीट उघडझाप करत होती, दुसरी जागची हलत नव्हती. हा तपास स्वस्त आहे, काही मिनिटांत होतो, सुईही टोचावी लागत नाही.

शस्त्रक्रियेत तुकडा सुटण्याची भीती कमी आणि काम एकदाच पक्कं होतं. पण ही दुसऱ्यांदा छाती उघडणं होतं, ताईंचं हिमोग्लोबिन ७.९, फुप्फुसं ओली, आणि तातडीच्या अशा शस्त्रक्रियेत जिवाचा धोका मोठा असतो. औषधाने छाती उघडण्याचं टळतं, पण रक्तस्राव आणि मेंदूचा झटका हे दोन धोके डोक्यावर राहतात. आपल्या देशात सर्जन आणि टेबल मिळेपर्यंतचा वेळ धरला, तर अनेक ठिकाणी औषधच आधी दिलं जातं. दिल्लीच्या एम्समध्ये अशा रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेजचा नियंत्रित अभ्यासही झाला आहे. नवऱ्याला दोन्ही बाजू मराठीत, वेळ देऊन सांगितल्या गेल्या आणि औषध ठरलं.

हेपरिन थांबवून अर्ध्या तासात अडीच लाख युनिट, मग दर तासाला एक लाख. तिसऱ्या तासाला हुडहुडी भरून ताप आला, रक्तदाब ८४ वर घसरला. स्ट्रेप्टोकायनेज जीवाणूजन्य असल्याने हे होतं. वेग कमी केला, पॅरासिटामॉल दिलं, दाब सावरला. बाराव्या तासाला दाबातला फरक ११ वर आला. विसाव्या तासाला टिकटिक परत ऐकू येऊ लागली.

बाविसाव्या तासाला ताईंच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला सुटला.

रक्तस्राव की सुटलेला तुकडा, हे नुसतं बघून कळत नाही आणि दोन्हींचा इलाज उलट. औषध तिथल्या तिथे बंद करून सीटी केला. रक्त नव्हतं. तोवर एकोत फरक ६ वर आला होता आणि अडकलेली पाकळी हलत होती. म्हणून उरलेलं औषध पुन्हा लावलं नाही, काही तासांनी हेपरिनवर आणलं. या निर्णयावर दोन मतं असू शकतात. माझ्या मते तो बरोबर होता. शेवटच्या एक-दोन आकड्यांसाठी ताज्या झटक्यात स्ट्रेप्टोकायनेज चालू ठेवणं फार महागात पडू शकलं असतं.

सिस्टरांना जे कळलं

हेपरिन आणि ॲसेनोकूमरॉल एकत्र चालू असताना, आयएनआर २.५ च्या वर जाऊन टिकेपर्यंत ताई वॉर्डात होत्या. हे दोन्ही एकत्र द्यावंच लागतं. गोळी गोठणघटकांबरोबर प्रोटीन सी हे गुठळी रोखणारं प्रथिनही कमी करते, आणि तेच आधी उतरतं. पहिले काही दिवस नुसत्या गोळीवर माणूस उलट गुठळीकडे झुकलेला असतो.

या दिवसांत रात्रपाळीच्या सिस्टरांनी हिमोग्लोबिन एवढं कमी कसं, असं सहज विचारलं. ताई म्हणाल्या, “पाळीच्या चार दिसात मी गोयी घेतच नव्हती बाई. घेतली का मंग भल्लं रगत जाते.”

म्हणजे गेली चार वर्षं, दर महिन्याला चार दिवस गोळी बंद. ॲसेनोकूमरॉल लवकर ओसरत असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संरक्षण संपलेलं असणार. आयएनआर मात्र नेमाने पाळीनंतर पंधरवड्याने होत होता आणि छान यायचा. पांढऱ्या कोटातल्या एकाही पुरुषाने पाळीबद्दल विचारलं नव्हतं. श्रावणातल्या त्या एका सुईवर सगळा दोष टाकता येत नाही तो यासाठी. गुठळीचा एखादा थर आधीपासून बसत आला असावा, हा तर्कच, पण मला तो पटतो.

निष्पत्ती

ताई चालत घरी गेल्या. डाव्या हाताची पकड महिन्याभरात बरीच सुधारली, पण अंगठा आणि पहिलं बोट अजून जड आहे. भाकरी थापता येते. कापूस वेचणी दोन्ही हातांची आणि मजुरी किलोवर, त्यामुळे यंदाच्या हंगामात बाकीच्या बायांच्या निम्म्यानेही वजन भरत नाही. केसपेपरवर ‘यशस्वी उपचार’ लिहिलं आहे, ते खोटं नाही. वेचणीचा हिशेब त्यात येत नाही, इतकंच.

पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन दिलं. रक्त पुष्कळ कमी झालं, हिमोग्लोबिन चढतं आहे, आणि गोळी आता पूर्ण महिना चालते.

काय वेगळं करता येईल

माझं मत एका ठिकाणी पक्कं आहे: ही गोळी थांबवणाऱ्याने ती कधी सुरू करायची ते त्याच कागदावर, तारखेसह आणि मराठीत लिहायला हवं. तारीख ठरवता येत नसेल, तर पुढच्या आयएनआरची तारीख लिहावी. त्यापुढचं बाकी सारं दुय्यम.

ताईंकडे आता एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड आहे. त्यावर झडपेचा प्रकार, अपेक्षित आयएनआर, ‘स्नायूत सुई नको’, दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, आणि मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल लिहून दिल्यास तीन दिवसांत आयएनआर, असं लिहिलं आहे. संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी दिली जाणारी पेनिसिलीनची सुईही स्नायूतलीच, म्हणून त्यांना रोजच्या पेनिसिलीनच्या गोळ्या दिल्या. गावातल्या दवाखान्याला कार्डाची प्रत दिली. भांडण न करता दिली, त्यामुळे तिथून आता फोन येतो.

पालेभाजीबद्दल लोक उगाच घाबरवतात. पालक, मेथी, तरोट्याची भाजी यांत व्हिटॅमिन के असतं हे खरं, पण बंदी घातली तर पाळली जात नाही आणि रक्त आणखी कमी होतं. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, डोस त्याला जुळवून घेऊ, एवढंच आम्ही सांगतो. पावसात तरोटा एकदम रोज ताटात आला, तर आयएनआर आधी करून घ्यायचा.

नवऱ्याने एक रास्त प्रश्न विचारला होता: तपासणी लागत नाही अशा नवीन गोळ्या निघाल्या आहेत, त्या का नाही? पायाच्या शिरेतल्या गुठळीला त्या चालतात, आणि खेड्यात सोयीच्याही आहेत. पण यांत्रिक झडपेत डॅबिगाट्रान या नव्या गोळीचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावा लागला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. संधिवाताने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही रिव्हरोक्साबान हे दुसरं नवं औषध जुन्या गोळ्यांपेक्षा मागे पडलं, हे २०२२ मध्ये दिसलं. त्यामुळे ताईंसाठी जुनी गोळी आणि तिची तपासणीच.

सध्या ताईंची एक दाढ किडली आहे. तालुक्याच्या दंतवैद्यांनी पाच दिवस गोळी बंद करून या, असं सांगितलं. या वेळी ताईच कार्ड घेऊन आल्या. दंतवैद्यांशी बोलून ठरलं ते असं: गोळी बंद नाही, आदल्या दिवशी आयएनआर, तो ३.५ च्या आत असेल तरच दाढ, ती सकाळच्या वेळी. तासभर आधी ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून; पेनिसिलीन रोजच चालू असल्याने त्याच गटातलं ॲमॉक्सिसिलिन नाही. काढल्यावर टाका, कापसाचा दाब, आणि दोन दिवस ट्रानेक्झामिक ॲसिडच्या पाण्याने चूळ. नंतर दुखलं तर पॅरासिटामॉल. संध्याकाळची गोळी रोजच्या वेळेला.